‘खालचं राहू द्या’



मी शिलालेखांचा अभ्यास करते. शिलाहार-यादव काळात जमीन दान दिली की ते दगडावर कोरत. काही दगडांवर वर चंद्र-सूर्य, मध्ये मजकूर आणि खाली बाईवर चढलेलं गाढव असतं. याला गधेगाळ म्हणतात. दान मोडणाऱ्याच्या आईला दिलेली ही शिवी. मुंबईत परळला सापडलेला शके ११०८चा (इ. स. ११८७) लेख पाहा. दानाचा मजकूर संस्कृतात, शेवटची शिवी मात्र मराठीत. ती सगळ्यांना कळायला हवी ना!

एका चर्चासत्रात मी यावर निबंध वाचला. अध्यक्ष म्हणाले, “बाई, राजा, शक, गावाच्या सीमा सांगा. खालचं राहू द्या.”

का राहू द्यायचं? दान मोडणार मुलगा, शिक्षा आईला. जमिनीला तारण ठेवली ती बाईची अब्रू. हा इतिहास नव्हे? आजही भांडण बांधाचं असतं आणि शिवी आईवरून.

कोकणात असे दगड शेताच्या कडेला, देवळापाशी आहेत; काहींना शेंदूर फासलाय. तुमच्या गावात दिसला तर हलवू नका, फोडू देऊ नका. त्याची नोंद करा, खालच्या भागासकट.