आकडा वाढवण्याआधी
(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



स्की आणि बूट यांना जोडून ठेवणाऱ्या यंत्रणेला बाइंडिंग म्हणतात. तिचा पुढचा भाग बुटाचं टोक धरतो, मागचा भाग टाच धरतो. या छोट्याशा यंत्रणेकडून आपण दोन परस्परविरोधी कामं मागतो. वेगात, वळणावर, उंचवट्यावर बाइंडिंगनं बूट सोडता कामा नये. आणि पडताना हाड मोडेल इतका पीळ पायाला बसू लागला, तर त्यानं बूट तत्क्षणी सोडलाच पाहिजे. दोन्हींकडे चूक होऊ शकते. पण ती होण्याआधी बहुतेक वेळा खुणा दिसू लागतात. पुण्या-मुंबईची मुलंमुली आता गुलमर्गला, औलीला स्की शिकायला जातात आणि बहुधा भाड्याचं सामान वापरतात. त्या खुणा त्यांना आणि त्यांच्या पालकांना ओळखता याव्यात, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

पूर्वी बूट पट्ट्यांनी किंवा केबलनं स्कीला जखडलेला असे. माणूस पडला, की लांबलचक स्कीची तरफ होऊन नडगी पिळली जाई. नॉर्वेत जन्मलेले आणि अमेरिकेत ओरेगॉनमध्ये स्थायिक झालेले स्कीपटू यालमार व्हाम यांचा पाय १९३७ साली मोडला. त्या दुखण्यातूनच त्यांनी आपोआप सुटणाऱ्या बाइंडिंगची रचना कागदावर उतरवली. १९५० साली फ्रान्समध्ये ज्याँ बेल यांचं ‘लुक नेवाडा’ आलं. पुढे अमेरिकेतल्या व्हरमॉन्टमध्ये, शुगरबुश इथं, रॉबर्ट जॉन्सन, कार्ल एटलिंगर आणि जॅस्पर शीली यांनी १९७२ पासून कित्येक वर्षं स्कीच्या दुखापतींचा अभ्यास केला. बाइंडिंग सुधारत गेली, तसं नडगी मोडण्याचं प्रमाण पुष्कळ घटलं. गुडघ्यातला क्रुशिएट लिगामेंट तुटण्याच्या बाबतीत मात्र तसं झालं नाही. म्हणजे उत्तम बाइंडिंगही गुडघ्याची हमी देत नाही; पण नडगी वाचवू शकतं, अर्थात ते नीट चालत असेल तरच.

आता खुणांकडे वळू. सगळ्यांत ठळक खूण म्हणजे कारण नसताना बूट सुटणं. साध्या वळणावर स्की पायातून निघाली, की बहुतेक जण स्क्रू-ड्रायव्हर मागतात आणि बाइंडिंगवरच्या छोट्या खिडकीत दिसणारा, स्प्रिंगचा दाब दाखवणारा आकडा एकानं वाढवतात. हा आकडा स्कीपटूचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि त्याची स्की करण्याची पद्धत पाहून ठरवलेला असतो. त्यासाठी आयएसओ ११०८८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. आकडा वाढवला की बूट सुटायचा थांबेलही. पण मूळ दोष तसाच राहील, आणि खऱ्या पडण्याच्या वेळी बूट अडकून बसेल. माझं आजचं मुख्य सांगणं हेच आहे: आकड्याला हात लावण्याआधी कारण शोधा.

कारण पुष्कळदा बुटाखाली सापडतं. तळाला बर्फाचा थर चिकटला, तर बूट वरवर बसलेला दिसतो, पण पक्का बसत नाही. डांबरी रस्त्यावर चालून तळ झिजला, तर पुढच्या भागाची पकड बदलते. बुटाच्या टोकाखाली एक गुळगुळीत पट्टी असते. बुटाला बाजूला सरकणं सोपं जावं, यासाठी ती असते. ती फाटली किंवा निघाली असेल, तर घर्षण वाढतं आणि हवा तेव्हा बूट सुटत नाही.

मग टाचेचा भाग पाहा. हा भाग रुळावर पुढेमागे सरकतो आणि स्प्रिंगच्या जोरानं बुटाला पुढं दाबून ठेवतो. हा दाब बरोबर आहे की नाही, हे दाखवणारी खूण त्यावरच असते. ती कशी वाचायची, हे प्रत्येक कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. बूट बदलला आणि हा भाग सरकवला नाही, तर आकडा बरोबर असूनही बाइंडिंग चुकीचं वागतं. भाड्याच्या सामानात हे विशेष जपावं लागतं, कारण तिथं एकाच स्कीवर रोज वेगळा बूट चढतो.

त्यानंतर बूट अडकवून त्याच्या टोकावर बाजूनं तळहाताचा ठोसा द्या. पुढचा भाग किंचित सरकून आपोआप मध्यावर आला पाहिजे. तो रेंगाळला, तर आत माती गेली आहे किंवा ग्रीस सुकलं आहे. बूट धरून डावीकडे-उजवीकडे हलवा: बाइंडिंगची बैठक आणि स्की यांच्यात फट दिसली, तर स्क्रू सैल झाले आहेत. स्क्रूंभोवती स्की फुगली असेल, तर पाणी आतल्या लाकडापर्यंत पोचलं आहे. नुसता स्क्रू पिळून तिथं भागत नाही; कुजलेल्या लाकडात तो धरणार नाही. प्लास्टिकवर पांढुरक्या रेषा किंवा केसाएवढी चीर दिसली, तर ती स्की त्या दिवशी वापरू नका. बूट काढल्यावर ब्रेकचे दांडे झटकन खाली यायला हवेत; नाहीतर सुटलेली स्की उतारावर दुसऱ्याच्या अंगावर जाईल.

उलट बाजूची खूण सहज निसटते. हळू वेगात, पीळ पडून तुम्ही पडलात, नडगीला कळ आली आणि तरी बूट सुटला नाही, तर ‘काही झालं नाही’ म्हणून पुढं जाऊ नका. थोडक्यात बचावलात, एवढाच त्याचा अर्थ. खिडकीतला आकडा स्प्रिंग किती दाबली आहे एवढंच सांगतो. प्रत्यक्षात किती बलाला बूट सुटतो, हे चाचणीयंत्रच दाखवतं. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला जाणत्या तंत्रज्ञाकडून यंत्रावर तपासणी करून घ्यावी. स्वतःचं वजन, वय आणि कौशल्य त्याला खरं सांगावं. संकोचानं किंवा ऐटीनं सांगितलेला आकडा शेवटी पायालाच भोवतो.

शेवटचा मुद्दा भाड्याच्या सामानाचा. तिथं खूण दिसते एकाला आणि इजा होते दुसऱ्याला. सकाळी कुणाची स्की दोनदा सुटते, तो वैतागून जोडी परत करतो, काही बोलत नाही. दुपारी तीच जोडी एखाद्या नवशिक्या मुलाच्या पायात जाते. म्हणून जोडी परत करताना काय घडलं, कुठल्या पायाची स्की सुटली, ते स्पष्ट सांगा. प्रशिक्षकांनी ते जोडीच्या क्रमांकासह वहीत लिहावं, आणि तपासणी होईपर्यंत ती जोडी कुणालाही देऊ नये. ही शिस्त लावायला महागडं यंत्र लागत नाही. आपल्या मुलांना पाठवण्याआधी ही वही आहे का, एवढं विचारण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे. तो त्यांनी बजावावा.