एका टोपातला भात, सगळ्यांचा वाटा

आज आम्ही तुम्हाला फार लांबच्या देशातला एक भात सांगणार आहोत. देश गयाना, दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाला, समुद्राकाठी. भाताचं नाव 'कुकअप राईस'. नाव परकं वाटेल, पण सामान ऐका: उकडा तांदूळ, चवळी, नारळाचं दूध, लाल भोपळा, पालेभाजी. यातलं काही आणायला तालुक्याला जायला नको. म्हणून आमच्या वाडीतल्या तीन गटांनी मिळून मासिक बैठकीच्या दिवशी तो करून पाहिला.

आधी हा भात आला कुठून ते सांगतो. गयानात इंग्रजांच्या राज्यात उसाचे मोठे मळे होते. आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं तिथं गुलाम म्हणून राबत. चवळी आपल्याला आपलीच वाटते, पण ती मूळची आफ्रिकेची. तांदूळ आणि चवळी एकत्र शिजवायची रीत पश्चिम आफ्रिकेत आजही आहे. हाताशी जे असेल ते एका भांड्यात घालायचं आणि सगळ्यांनी त्यातच जेवायचं, असा हा राबणाऱ्यांचा भात.

गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३४ साली लागू झाला, पण खरी सुटका झाली १ ऑगस्ट १८३८ ला. मळेवाल्यांना मजूर हवेच होते. त्याच वर्षी ५ मे रोजी कलकत्त्याहून निघालेली 'व्हिटबी' आणि 'हेस्परस' ही दोन जहाजं करारावरचे हिंदी मजूर घेऊन गयानाला लागली. १९१७ पर्यंत दोन लाखांहून जास्त माणसं अशी गेली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची, काही मद्रासकडची. पुष्कळ जण परतलेच नाहीत. त्यांनी किनाऱ्यावरच्या पाणथळ जमिनीत भातशेती वाढवली. तिथं आजही पालेभाजीला 'भाजी'च म्हणतात आणि चवळीच्या लांब शेंगांना 'बोरा'. आफ्रिकेची चवळी, हिंदी माणसांनी पिकवलेला तांदूळ आणि किनाऱ्यावरचा नारळ, असं सगळं एका टोपात आलं. ३१ डिसेंबरच्या रात्री तिथं घरोघरी हा भात शिजतो. येणारं वर्ष भरल्या घराचं जावं म्हणून.

आता कृती. जवळ कागद-पेन्सिल असेल तर घ्या. सहा माणसांचं माप सांगतो.

एक वाटी चवळी रात्री भिजत घाला. भिजवली की लवकर शिजते, जळण वाचतं. दोन वाट्या उकडा तांदूळ धुऊन तासभर भिजवा. एका नारळाचं पहिलं जाड दूध एक वाटी काढून बाजूला ठेवा. मग त्याच चोथ्यात गरम पाणी घालून पातळ दूध तीन वाट्या काढा.

चवळी बोटानं दाबली तर दबेल, पण फुटणार नाही इतपत शिजवा. तिचं पाणी फेकू नका. जाड बुडाच्या टोपात थोडं तेल तापवा. कांदा, लसूण, एक टोमॅटो आणि झेपेल तेवढी मिरची परता. तिकडं यात थाईम नावाचा पाला घालतात. त्याचा वास आपल्या ओव्याच्या जवळचा, म्हणून आम्ही चमचाभर ओवा घातला. कुंडीत ओव्याची पानं असतील तर चार पानं चिरून घाला.

आता तांदूळ निथळून दोन मिनिटं परता. चवळी, मीठ, चवळीचं पाणी आणि पातळ दूध घाला. पाणी आणि दूध मिळून पाच वाट्या हवं. साधा तांदूळ असेल तर चार पुरे. तांदूळ अर्धा शिजला की भोपळ्याच्या मोठ्या फोडी आणि शेंगांचे तुकडे घाला. शेवटी चिरलेला माठ किंवा पालक आणि जाड दूध घालून झाकण ठेवा, आच अगदी मंद करा. पाणी आटलं आणि कण मऊ झाला की उतरवा. तिकडं कुणी यात कोंबडी किंवा खारवलेलं मांसही घालतं. आम्ही भाज्यांचाच केला.

टोपाच्या बुडाला जी खमंग खरवड धरते तिला तिकडं 'बन-बन' म्हणतात. पोरं तिच्यासाठी भांडतात म्हणे. आमच्याकडंही भांडली!

आता ज्यासाठी हा भात निवडला ते बोलतो. आपल्या घरात उसळ वेगळी, भाजी वेगळी, भात वेगळा. वाढताना उसळ आधी पुरुषांना, मग मुलांना, मग पाहुण्याला. शेवटी बसणाऱ्या बाईच्या ताटात भात आणि तळाचा रस्सा. शिबिरात रक्त तपासलं की अंगात रक्त कमी निघतं आणि आपण गोळ्या घेऊन घरी येतो. गोळ्या घ्यायच्याच, त्या सोडू नका. पण ताटाचं काय?

या भातातली चवळी वेगळी काढून कुणाला जास्त वाढता येत नाही. जो घास पहिल्या ताटात, तोच शेवटच्या ताटात. तांदळात जे कमी असतं ते चवळी भरून काढते, म्हणून दोन्ही मिळून अंगाला चांगलं लागतं. चवळी आणि पाल्यातलं लोह अंगी लागावं म्हणून वर लिंबू पिळा, आणि जेवल्यावर लगेच चहा घेऊ नका.

बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "ताई, भात सगळ्यांना सारखा पडेल, पण टोपच रिकामा झाला तर?" प्रश्न खरा आहे. त्यावर गटातल्याच एका सुनेनं उपाय काढला: वाढायला घेण्याआधी घरात जेवढी माणसं तेवढी ताटं मांडायची, स्वतःचं धरून. भात सगळ्या ताटांत एकदम वाढायचा. गरम खायला मिळो न मिळो, वाटा ठरलेला. आमच्या तीन गटांनी हा ठराव वहीत लिहून घेतला आहे, बचतीच्या हिशेबाखालीच.

तुमच्या पुढच्या बैठकीत एक टोप हा भात करा. तांदूळ एकीनं आणा, नारळ दुसरीनं, भोपळा परसातला. आणि ताटं मोजताना पहिलं स्वतःचं मोजा.