बाणाचे टोक कुणीकडे?



अन्नसाखळी लिहा म्हटले की आठवीतले कोणतेही मूल एका दमात लिहून मोकळे होते : गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. नावे बरोबर, क्रमही बरोबर. मग मधले बाण काढायची वेळ येते आणि वर्गात दोन तट पडतात. बऱ्याच वह्यांत बाण बेडकाकडून नाकतोड्याकडे जातो, कारण बेडूक नाकतोड्याला खातो, झडप तोच घालतो. पुस्तकातला बाण मात्र नाकतोड्याकडून बेडकाकडे असतो. शिक्षक लाल शाईने बाण फिरवतात, अर्धा गुण कापतात आणि तास पुढे सरकतो.

त्या अर्ध्या गुणात सगळा पाठ अडकलेला आहे. उलटा बाण काढणाऱ्या मुलाने साखळी शिकाऱ्यांची यादी म्हणून पाठ केलेली असते. त्या यादीतून काहीतरी वाहते, वाहताना बरेचसे गळते आणि शेवटी फार थोडे उरते, हे त्याच्यापर्यंत पोहोचलेलेच नसते. नववीच्या विज्ञानात ‘परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह’ असा स्वतंत्र पाठ आहे. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा आदेश दिला, तेव्हापासून अभ्यासक्रमात या विषयाला जागेची वाण पडलेली नाही. वाण आहे ती हिशेबाची. कोण कुणाला खातो एवढे शिकवून आपण थांबतो. किती खातो आणि त्यातले किती अंगी लागते, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो.

हा हिशेब मांडणाऱ्या माणसाची गोष्ट मुलांना जरूर सांगावी. अन्नसाखळीची कल्पना इंग्लंडच्या चार्ल्स एल्टनने १९२७ च्या आपल्या पुस्तकात ठसठशीतपणे मांडली. पण त्याच्या मनोऱ्यात मोजले होते ते प्राण्यांचे आकडे : खाली पुष्कळ, वर मोजके. वर मोजकेच का, याचे उत्तर ऊर्जेच्या भाषेत दिले अमेरिकेतल्या रेमंड लिंडेमनने. मिनेसोटातले सीडर बॉग नावाचे एक लहानसे, गाळाने भरत आलेले तळे त्याने अभ्यासाला घेतले. पाणवनस्पती, शेवाळ, किडे, मासे, तळाचा चिखल, सगळ्यांची वर्षानुवर्षे मोजदाद केली. पत्नी एलिनॉर त्या कामात सोबत होती. त्यावरचा लेख ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकाकडे गेला, तेव्हा परीक्षकांनी तो फार तात्त्विक म्हणून नाकारला. येल विद्यापीठातल्या हचिन्सन यांनी संपादकांकडे रदबदली केली, म्हणून तो १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये छापून आला. लिंडेमन त्याच वर्षी जूनमध्ये यकृताच्या आजाराने गेला होता, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी.

याच लेखाच्या नावावर पाठ्यपुस्तकांतला ‘दहा टक्क्यांचा नियम’ खपतो : एका पायरीवरची दहा टक्केच ऊर्जा पुढच्या पायरीवर पोहोचते. लिंडेमनचे स्वतःचे आकडे पाहिले तर गंमत वाटते. सीडर बॉगमध्ये सूर्यप्रकाशातली जेमतेम ०.१० टक्के ऊर्जा वनस्पतींनी धरली होती. तिथून शाकाहारी जीवांकडे १३.३ टक्के गेली आणि त्यांच्याकडून मांसाहारी जीवांकडे २२.३ टक्के. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मेंडोटा सरोवरात हेच आकडे ८.७ आणि ५.५ निघाले. नेमके दहा कुठेच नाहीत. दहा हा अंदाजे सरासरीचा आकडा, आणि फळ्यावर भागाकार सोपा जातो म्हणून शिक्षकांचा लाडका. त्यात गैर काही नाही. पण त्याला नियम म्हटले की मुले प्रश्न विचारायचे थांबतात.

खरा प्रश्न असा की बाकीची ऊर्जा जाते कुठे? काही भाग खाल्लाच जात नाही. खाल्लेल्यातला काही विष्ठेतून बाहेर पडतो. उरलेल्यातला मोठा वाटा श्वसनात खर्च होऊन उष्णतेच्या रूपाने निघून जातो. इथे चिचुंद्री आणि धामण यांची जोडी वर्गात आणावी. चिचुंद्रीला दिवसरात्र खात राहावे लागते, कारण एवढ्याशा देहाची भट्टी सतत पेटती ठेवायची असते. धामण एक उंदीर गिळून कित्येक दिवस स्वस्थ पडून राहते. शरीर तापवायचे काम तिने उन्हाकडे सोपवलेले असते. पचवलेल्या अन्नातला जेमतेम एक ते तीन टक्के भाग पक्षी आणि सस्तन प्राणी नव्या मांसात किंवा पिलांत घालू शकतात. कीटकांमध्ये हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या घरात जाऊ शकते. म्हणजे साखळीत कुणाची कडी आहे यावर गळती ठरते. हे एकदा कळले की दहाचा आकडा पाठ करावा लागत नाही, त्याच्याशी भांडता येते.

आता महाराष्ट्रातले उदाहरण. अकोले तालुक्यातल्या बागायती पट्ट्यात, उसाच्या फडांत बिबटे राहतात, हे तिथल्या शाळकरी मुलांना कुणी शिकवायला नको. संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या भागातल्या बिबट्यांची विष्ठा गोळा करून तिच्यातल्या केसांवरून भक्ष्य ओळखले. वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के अन्न पाळीव प्राण्यांचे निघाले. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. त्या परिसरात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट आहेत, तरी बिबट्याच्या पोटात त्या ११ टक्केच सापडल्या. शेळीमागे राखणदार असतो आणि रात्री ती गोठ्यात बांधली जाते. कुत्रा मोकाट फिरतो.

हा एवढा तपशील म्हणजे वर्गाला आठवडाभर पुरेल असा ऐवज आहे. बिबट्यापासून मागे चालत या. बिबट्याला ऊर्जा कुत्र्याकडून, कुत्र्याला गावच्या उष्ट्यातून, उकिरड्यातून. उष्टे माणसाच्या ताटातले आणि ताटातली भाकरी शेतातल्या बाजरीची. बाजरीपाशी आल्यावरच सूर्य भेटतो. आता मुलांना विचारा, या साखळीत ऊस कुठे? बहुतेक मुले उसाकडून बिबट्याकडे बाण काढतील. ऊस बिबट्याला आडोसा देतो, पोटाला काही देत नाही. राहण्याची जागा आणि जेवणाचे ठिकाण या दोन गोष्टी वेगळ्या काढता आल्या की गावात बिबट्या का येतो, यावरची चर्चाही शहाणी होते. नुसता ऊस तोडून किंवा नुसता बिबट्या पकडून उकिरडा तसाच राहतो, हे मग मुलेच सांगतात.

पाठ्यपुस्तकातल्या साखळीतली एक कडी आपल्या देशाने काही वर्षे प्रत्यक्ष काढून पाहिली होती, हेही सांगण्याजोगे आहे. भातखाचरातले बेडूक पकडून त्यांच्या तंगड्या परदेशी पाठवण्याचा धंदा इथे जोरात होता. पिकावरचे किडे खाणारा प्राणीच शेतातून जातो आहे, ही ओरड वाढली आणि १९८७ साली ती निर्यात बंद झाली. ‘बेडूक नाहीसे झाले तर काय होईल?’ हा प्रश्न परीक्षेत काल्पनिक म्हणून विचारला जातो. तो काल्पनिक नाही.

मेलेल्यांचा हिशेब तर आपण जवळजवळ सोडूनच देतो. जंगलातली बहुतांश पाने कुणी हिरवी असताना खात नाही. ती गळतात आणि बुरशी, वाळवी, गांडुळे, जीवाणू त्यांवर जगतात. विघटक पुस्तकात मात्र शेवटच्या ओळीत येतात. गिधाडांची हकिकत याच रस्त्यावरची. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडे झपाट्याने मरू लागली. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्यांच्या मृतदेहांतून गिधाडांच्या मूत्रपिंडावर उठते, हे २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ साली जनावरांसाठी ते बनवण्यावर बंदी आली. तोवर काही जातींची ९५ टक्क्यांहून अधिक गिधाडे गेली होती. उघड्यावर पडलेली ढोरे मग कुत्र्यांच्या वाट्याला आली.

हा सगळा हिशेब वर्गात मांडायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. जुन्या वाड्यात, देवळाच्या माळ्यावर गव्हाणी घुबड असेल तर त्याखाली केस-हाडांच्या वाळक्या गोळ्या पडलेल्या असतात. घुबडाने न पचलेले ओकून टाकलेले असते ते. त्या गोळ्या आधी चांगल्या तापवून निर्जंतुक कराव्यात, मुलांना हातमोजे द्यावेत आणि चिमट्याने कवट्या वेगळ्या काढायला लावाव्यात. उंदीर किती, चिचुंद्र्या किती, हे मोजल्यावर एका घुबडामागे किती उंदीर लागतात आणि तेवढ्या उंदरांना किती धान्य, ही गणिते मुले आपणहून करतात. घुबडाच्या भीतीने ज्या गावात पालक कुरकुर करतात, तिथे पालकांनाच त्या तासाला बोलवावे. उंदरांच्या कवट्यांचा ढीग पाहून शेतकरी सहसा घुबडाची बाजू घेतो.

राहता राहिली प्रश्नपत्रिका. ती बदलली नाही तर वरचे सगळे सहलीपुरते उरेल, हे विज्ञान शिक्षकांच्या या अधिवेशनातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. प्रश्नपत्रिका काढणारे अनेकजण इथेच बसले आहेत. ‘अन्नसाखळीची व्याख्या लिहा’ हा प्रश्न त्यांनी पुढच्या वर्षी गाळावा. त्याऐवजी अकोले तालुक्यातल्या बिबट्याचे आकडे द्यावेत, ऊर्जेच्या प्रमाणात जाड-बारीक बाण काढायला सांगावे आणि उसाचे आकृतीत काय करायचे, हे विद्यार्थ्यावर सोपवावे.