कोरड्या हवेतले कुरळे केस

(चारठाणा, ता. जिंतूर येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



चारठाण्यात बोलायचं तर इथल्या जुन्या देवळांवर बोलावं, बारवांवर, त्या उंच कोरीव स्तंभावर बोलावं, अशी अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. मी मात्र आज केसांवर बोलणार आहे, तेही कुरळ्या. एप्रिल-मे महिन्यात परभणी जिल्ह्याचा पारा बेचाळिशीच्या पुढे जातो, दुपारची हवा तोंड भाजून काढते. या हवेचा सगळ्यात जास्त त्रास ज्यांच्या केसांना होतो, त्या पोरींशी याबद्दल नीट कुणी बोलत नाही.

त्यांच्या वाट्याला काय येतं? “झिंज्या आवर आधी.” “काय हा अवतार!” मग चप्प तेल आणि ओढून घातलेल्या दोन वेण्या. माझे केस कुरळे आहेत. हे सगळं ऐकतच मी वाढले. आपल्याच तालुक्यात नेमगिरीला जैन लेणी आहेत. तीर्थंकरांच्या मस्तकावर बारीक वळ्यांचे केस कोरायची आपल्या शिल्पकारांची रीत आहे. उजवीकडे वळणारे कुरळे केस हे महापुरुषाचं लक्षण मानलं गेलं. मूर्तीवर ज्याला हात जोडायचे, तेच पोरीच्या डोक्यावर दिसलं की अवकळा कशी म्हणायची? मला हे मान्य नाही.

आता केसाकडे वळू. केसाच्या बाहेरच्या आवरणावर बारीक खवले असतात, छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक. सरळ केसावर ते बऱ्यापैकी चपटे बसतात. कुरळा केस मात्र जागोजागी वळतो, आणि वळणावर ते उचलले जातात. तिथून आतला ओलावा लवकर निघून जातो. दुसरी अडचण तेलाची. टाळूतून पाझरणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून खाली पसरतं. वळणावळणाच्या केसावर ते शेंड्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून मुळाशी तेलकट आणि शेंड्याला काथ्या, अशी तक्रार असते. त्यात आपली कोरडी हवा, आणि त्यात बोअरचं जड पाणी. ज्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम केसावरही बसतं. मग कितीही महागाची क्रीम लावा, केस राठच लागतात. निदान शेवटचे दोन तांबे तरी फिल्टरच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचे घ्या.

तेलाबद्दल एक गोष्ट ठासून सांगते. तेल म्हणजे ओलावा नव्हे. ओलावा पाण्याचाच. तेल ते पाणी अडवून धरतं. कोरड्या केसावर दुपारी तेल थापलं तर अडवायला आत काही नसतं. मुंबईत मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागातल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची त्यांनी तुलना केली. धुताना-विंचरताना केसातलं प्रथिन झिजतं. ती झीज खोबरेलाने कमी झाली, बाकीच्या दोघांनी नाही. खोबरेलातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकतं, हे त्याचं कारण. अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीचा आहे, हे ध्यानात ठेवूनही मी तो मानते, कारण कारणमीमांसा पटण्यासारखी आहे. तेव्हा आजीचं न्हाण्याआधीचं खोबरेल बरोबरच होतं. आपल्या करडईच्या तेलात सूर्यफुलासारखंच लिनोलिक आम्ल भरपूर असतं. ते मी न्हाण्यानंतर, ओल्या केसावर वरून, दोन-तीन थेंबच वापरते.

आता दुकानातल्या बाटल्या. पुढच्या बाजूला काय छापलंय ते वाचू नका, बाटली उलटी करा. घटकांची नावं प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असतात. पहिली पाच-सहा नावं म्हणजे जवळजवळ अख्खी बाटली. ती इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात असतात, याचा मला राग येतो. ज्या मुलीने शंभराच्या तीन-चार नोटा मोजायच्या, तिला आत काय आहे ते तिच्या भाषेत कळायला नको?

यादीत ग्लिसरीन कुठे आहे ते बघा. ते पाणी ओढून धरतं, एरवी गुणाचं. पण आपल्या उन्हाळ्यात हवेत ओढायला पाणीच नसतं. मग ते केसातलंच पाणी बाहेर आणतं आणि वारा ते घेऊन जातो. म्हणून या दिवसांत ग्लिसरीन पाण्याच्या लगोलग दुसरं आलेलं असेल, तर ती बाटली ठेवून द्या. त्याच्या आधी शिया बटर, एखादं तेल, सिटाइल किंवा स्टिअरिल अल्कोहोल असेल तर घ्या. अल्कोहोल वाचून दचकू नका. ही दोन्ही मेणासारखी, केस मऊ करणारी असतात. टाळायचं ते अल्कोहोल डिनॅट. ते उडून जातं आणि जाताना केस कोरडे करतं. नुसतं जेल तर या हवेत लावूच नका. खाली क्रीम हवीच.

यातलं काहीच परवडत नसेल तर घरातला जवसाचा डबा उघडा. हल्ली कुरळ्या केसांसाठी जगभर जे जेल नावाजलं जातं, ते आपण चटणीसाठी भाजतो त्याच जवसाचं असतं. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आच. सतत ढवळत राहा, नाहीतर बुडाला धरतं. सात-आठ मिनिटांत पाण्यावर पांढुरका फेस येतो, मग पाणी जड होऊ लागतं. पळी उचलली आणि तिच्यावरून चिकट तार लोंबली की लगेच गॅस बंद. गरम असतानाच पातळ सुती कापडातून गाळा. निवल्यावर गाळायला गेलात तर एक थेंब उतरणार नाही. जवसाच्या सालीतला चीक केसावर पातळ पापुद्रा धरतो आणि वळ्या जागच्या जागी राहतात. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. फ्रिज नसेल तर लागेल तेवढंच करा. वास बदलला की फेकून द्या, मोह नको.

लावायची रीत बाटलीइतकीच महत्त्वाची आहे. पाणी निथळत असतानाच आधी क्रीम, मग जेल. बोटांनी बटा सोडवा. फणी फिरवायची ती कंडिशनर लावलेला असताना, नंतर नाही. शेंडे मुठीत धरून टाळूकडे दाबा. खरखरीत टॉवेलने खसाखसा पुसू नका, जुन्या धुतल्या सुती साडीचा तुकडा पुरे. वाळल्यावर केस कडक लागतील, घाबरू नका. तळहाताला तेलाचा थेंब चोळून ते हलकेच चुरगाळले की कडकपणा जातो आणि वळ्या उरतात. गाडीवर स्कार्फ बांधणाऱ्या मुलींनी आत सॅटिनचा तुकडा ठेवावा, घासणं कमी होतं.

मृगाचा पाऊस पडला की हे गणित बदलतं. दमट हवेत ग्लिसरीन जास्तीचं पाणी ओढून केस फुगवतं. तेव्हा क्रीम कमी, जेल जास्त. ग्लिसरीनच्या बाटलीला आपल्याकडे चांगले दिवस नवरात्र ते दिवाळी. पुढे थंडीत, गव्हाला पाणी देण्याच्या दिवसांत, हवा पुन्हा कोरडी पडते, तेव्हा उन्हाळ्यातलीच क्रीम पुन्हा काढायची.