व्हायोलिन साथीला बसतं तेव्हा

हार्प म्हटलं की सिनेमातलं स्वप्नदृश्य आठवतं ना? मागे झुळझुळणारं काहीतरी. पण जाँ-बाप्टिस्ट क्रुम्पहोल्ट्सच्या हार्प-व्हायोलिन सोनाटा ऐका. तिथे हार्प पुढे आणि व्हायोलिन साथीला!

हा बोहेमियाचा वादक १७७३ ते १७७६ हायडनसोबत एस्टरहाझी दरबारात होता. मग पॅरिस. हार्पचा आवाज वाढावा म्हणून त्याने सात पेडलांना आठवं जोडून घेतलं. ते दाबलं की पाठीमागच्या झडपा उघडायच्या. बायको लंडनला निघून गेली, १७९० मध्ये त्याने सेन नदीत जीव दिला. लोकांना किस्सा तेवढाच आठवतो. पुढे १८१० मध्ये एरारचं नवं हार्प आलं, त्याचं जुनं हार्प अडगळीत गेलं.

मला वाटतं, किस्सा नंतर, आधी सोनाटा. हेडफोन लावा, दहा मिनिटं द्या.