डोंगरी सायकल शर्यतीचा मार्ग किती अवघड असावा?

महाराष्ट्राला सायकल शर्यती नव्या नाहीत. मुंबई-पुणे शर्यतीने कित्येक पिढ्यांना सायकलीचे वेड लावले. बोरघाटाची चढण सर्वांत आधी पार करणाऱ्यास मिळणारा ‘घाटाचा राजा’ हा मान आजही क्रीडाप्रेमींच्या तोंडी आहे. ही शर्यत मात्र डांबरी रस्त्यावरची. आता ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांतील अनेक तरुण डांबर सोडून पायवाटेकडे वळू लागले आहेत. जाड टायरची, पुढच्या चाकाला धक्के सोसणारा काटा बसवलेली डोंगरी सायकल, म्हणजेच माउंटन बाइक, त्यांच्या हाती आली आहे. हौसेपाठोपाठ स्पर्धा येतेच, आणि स्पर्धा म्हटली की तिच्या मार्गाचा प्रश्न उभा राहतो. हा मार्ग किती अवघड असावा, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रश्न वरवर पाहता केवळ खेळाडूंचा वाटेल. परंतु या मार्गावर शाळकरी मुले उतरणार आहेत. त्यांच्या हातापायांची सुरक्षितता आणि त्यांची खेळातील प्रगती या दोन्ही गोष्टी मार्गाच्या आखणीवर अवलंबून राहतात. म्हणून पालक, शिक्षक, क्रीडा संघटक आणि नगरसेवक यांनीही त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

खेळाचे स्वरूप

या खेळाचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाला. मरीन परगण्यातील काही तरुण जुन्या, वजनदार सायकली घेऊन डोंगरातील मातीच्या रस्त्यांवरून खाली सुटत. त्यांची ‘रीपॅक’ नावाची पहिली शर्यत १९७६ च्या ऑक्टोबरात झाली. एका उतरणीत मागच्या चाकाच्या ब्रेकमधील ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, यावरून हे नाव पडले. पुढे १९९० मध्ये कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळास स्थान मिळाले.

ऑलिंपिकमध्ये खेळला जाणारा प्रकार ‘क्रॉस कंट्री’ होय. केवळ उतारावरून वेगाने येण्याची ‘डाउनहिल’ शर्यत ही वेगळी. क्रॉस कंट्रीत सर्व स्पर्धक एकाच वेळी सुटतात आणि साधारण ४ ते ६ किलोमीटरच्या वर्तुळाकार मार्गाच्या ठराविक फेऱ्या पूर्ण करतात. मार्गात चढण असते, अरुंद पायवाट असते, झाडांमधली वळणे असतात, दगडगोट्यांचे पट्टे असतात आणि तीव्र उतारही असतात. छाती, मांड्या आणि तोल या तिन्हींची परीक्षा येथे एकत्र होते.

प्रारंभीच्या काळात भर होता तो दमसासावर. अटलांटा येथे नेदरलँड्सचा बार्ट ब्रेंटयेन्स विजयी झाला तेव्हा त्यास सव्वादोन तासांहून अधिक वेळ लागला होता. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या टॉम पिडकॉकने सुमारे ८५ मिनिटांत सुवर्णपदक मिळविले. शर्यत आखूड झाली, फेऱ्या लहान झाल्या आणि मार्गात मुद्दाम रचलेले खडक, उड्या व पायऱ्या आल्या. प्रेक्षकांना व दूरचित्रवाणीला ते मानवले. साहजिकच, अवघडपणा कोठे थांबवावा हा वाद त्यातूनच निर्माण झाला.

दोन मते

या वादात दोन बाजू आहेत आणि दोहींत तथ्य आहे. एका बाजूचे म्हणणे असे की, डोंगरी सायकलीचे मर्म कौशल्यात आहे. मार्ग गुळगुळीत केला तर ती मातीवरची रस्ता-शर्यतच होईल. ज्याच्या फुप्फुसात दम अधिक तोच जिंकेल आणि वळण कसे घ्यावे, वजन केव्हा मागे न्यावे, ब्रेक कोठे सोडावा, हे शिकण्याचे कोणास कारणच उरणार नाही.

दुसरी बाजू म्हणते की, फार अवघड मार्ग नवख्यांना दारातूनच परत पाठवतो. मूठभर कसलेले सायकलपटू पुढे जातात, बाकीचे सायकल खांद्यावर घेऊन चालतात. एखाद्या मुलाचा हात मोडला की त्याच्याबरोबर आणखी दहा मुलांचे पालक हा खेळ बंद करतात. साधनांचा भेदही येथे उघड होतो. महागडी सायकल असलेल्यास जो खडक सोपा, तो साध्या सायकलीवरील मुलास अशक्य ठरतो.

या दोन मतांचा मेळ घालता येतो. त्यासाठी ‘अवघड’ आणि ‘धोकादायक’ या दोन शब्दांतील अंतर प्रथम ध्यानी घ्यावे लागेल.

अवघड म्हणजे धोकादायक नव्हे

चुकल्यास ज्याची किंमत सेकंदांत मोजावी लागते तो मार्ग अवघड. चुकल्यास ज्याची किंमत हाडांत मोजावी लागते तो धोकादायक. उतारावर मुळ्यांनी भरलेले आखूड वळण असेल आणि तेथे चुकलेला सायकलपटू मऊ मातीत थांबून पुन्हा निघू शकत असेल, तर ते वळण अवघड आहे. तेच वळण खोल नाल्याच्या काठावर असेल, तर ते धोकादायक आहे. पहिल्यात सरस-निरस कळते. दुसऱ्यात केवळ नशीब कळते.

याचे उत्तम उदाहरण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पाहावयास मिळाले. टायर पंक्चर झाल्यामुळे पिडकॉक बराच मागे पडला होता. अंतर भरून काढीत त्याने अखेरच्या फेरीत फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेत्स्कीस गाठले. वनराईत एका झाडापाशी वाट दुभंगत होती. दोघांनी दोन बाजू धरल्या आणि पिडकॉक पुढे निघाला. शर्यतीचा निकाल तेथे लागला. त्या जागी कडा नव्हता की उडी नव्हती. निवड करण्यास वाव होता, आणि ती निवड ऐन दमछाकीत क्षणार्धात करावी लागत होती.

टोकियोचा अनुभव याच्या उलट बाजूचा आहे. तेथे एका मोठ्या खडकावरून खाली उतरण्याचा टप्पा होता. सरावाच्या वेळी त्यावर फळ्यांचा उतरता पूल होता. शर्यतीच्या वेळी तो काढलेला होता. नेदरलँड्सचा नामांकित सायकलपटू मॅथ्यू व्हॅन डर पूल याची पूल असल्याची समजूत होती. पहिल्याच फेरीत तो तेथे जोराने आपटला आणि पुढे त्यास शर्यत सोडावी लागली. जगातील अग्रगण्य खेळाडूची ही गत होते, तर नवख्या मुलाची काय होईल? मार्गाची नेमकी माहिती स्पर्धकापर्यंत पोचविणे हाही मार्ग-आखणीचाच भाग आहे.

आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या नियमांत या दृष्टीने काही सुज्ञ तरतुदी आहेत. हवामान प्रतिकूल असले तरी संपूर्ण मार्ग सायकलवरून पार करता आला पाहिजे. जो भाग लवकर खराब होण्याचा संभव असेल तेथे समांतर वाट ठेवावी. धोक्याच्या जागी खाली टोक असलेले बाण लावावेत. एक बाण म्हणजे सावधान, दोन म्हणजे मध्यम धोका आणि तीन म्हणजे अतिशय धोका. या बाणांना पुठ्ठा आणि रंग यापलीकडे खर्च नाही. कोणत्याही शाळेला वा मंडळाला ते सहज शक्य आहे.

सर्वांत उपयुक्त तोडगा दुहेरी वाटेचा. अवघड खडकाची वाट जवळची, तर तिला वळसा घालणारी सोपी वाट थोडी लांबची ठेवावयाची. ज्याच्या अंगी कौशल्य आहे तो काही सेकंद कमावतो. ज्याचा आत्मविश्वास अजून पक्का नाही तो ते सेकंद गमावून सुखरूप पुढे जातो. पुढच्या वर्षी तोच मुलगा जवळची वाट धरील.

ठाणे-कल्याणची भूमी

परदेशातील मार्ग जसाच्या तसा येथे उचलून आणता येणार नाही. ठाणे जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे २५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. येथील खडक काळा बेसॉल्ट. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते आणि उन्हाळ्यात सहज पार होणारा कातळ काचेसारखा निसरडा होतो. उन्हाळ्यात उलट मुरूम सुटतो आणि सुक्या खडीवर चाक घसरते. एकच मार्ग मे महिन्यात एक आणि जुलैत दुसरा असतो. यास्तव स्पर्धेस ऑक्टोबर-अखेर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. मार्गाची अवघड श्रेणी ठरविताना तो कोणत्या ऋतूत वापरावयाचा हे आधी ठरले पाहिजे.

पाण्याचा निचरा ही दुसरी बाब. उतारावर सरळ रेषेत काढलेली वाट पहिल्याच पावसात ओहोळ बनते. माती वाहून जाते आणि उघडे पडलेले दगड कोणी न ठरविता मार्ग अवघड करून ठेवतात. वाट डोंगराच्या कुशीतून आडवी, नागमोडी न्यावी आणि थोड्या थोड्या अंतरावर तिला हलका उलटा चढ द्यावा, म्हणजे पाणी बाजूला उतरते.

तिसरी बाब जागेची. ठाण्याच्या सायकलपटूंना येऊरची चढण प्रिय आहे. परंतु येऊरचे अरण्य संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तेथे बिबट्याचा वावर आहे, आदिवासी पाडे आहेत आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे बंधन आहे. डांबरी रस्त्यावरून सायकल नेणे वेगळे आणि जंगलात शर्यतीसाठी नवी वाट पाडणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीचा विचारही करू नये. कल्याणच्या दक्षिणेस मलंगगडाच्या परिसरात उंचसखल भूमी विपुल आहे. तथापि तेथेही वनजमीन कोणती, गावाची कोणती आणि खाजगी कोणती, हे पाहून रीतसर परवानगी घेतल्याशिवाय एक दगडही हलवू नये.

पॅरिस ऑलिंपिकच्या उदाहरणाचा येथे पुन्हा उपयोग होतो. ती शर्यत ज्या एलाँकूरच्या टेकडीवर झाली ती पूर्वी दगडाची खाण होती. पुढे तेथे भराव टाकला गेला आणि आज २३१ मीटर उंचीची ती टेकडी पॅरिस प्रदेशातील सर्वोच्च स्थान आहे. शीळफाट्याच्या आणि पारसिकच्या डोंगराच्या बाजूला दगडखाणी आहेत. त्यांपैकी जी खाण कायमची बंद झाली असेल, तिचे पाण्याने भरलेले खड्डे कुंपणाने बंदिस्त करून व सुटे कडे तज्ज्ञांकडून तपासून घेऊन मार्ग आखता आला, तर जंगलाला धक्का न लावता खेळास जागा मिळेल.

पायरीपायरीने

बर्फावरील घसरगुंडीच्या मार्गांवरून घेतलेली एक वर्गवारी डोंगरी सायकलीसाठी परदेशात रूढ आहे. हिरवे वर्तुळ म्हणजे सोपा मार्ग, निळा चौकोन म्हणजे मध्यम आणि काळा चौकट म्हणजे अवघड. सोप्या मार्गात टाळता न येणारा अडथळा सुमारे ५ सेंटिमीटरहून उंच नसावा, मध्यम मार्गात २० आणि अवघड मार्गात सुमारे ३८ सेंटिमीटरपर्यंत चालतो, असा संकेत आहे. ही मापे हाती असली की ‘हा दगड मुलांना झेपेल का’ या प्रश्नाचे उत्तर फूटपट्टीने देता येते.

चौदा वर्षांखालील मुलांसाठी हिरव्या वर्गाची एक-दीड किलोमीटरची फेरी पुरेशी आहे. कुमारांसाठी त्याच जागेत निळ्या वर्गाचे दोन-तीन टप्पे वाढवावेत. प्रौढ स्पर्धकांसाठी काळ्या वर्गाचे मोजके टप्पे असावेत, परंतु त्या प्रत्येकास वळशाची वाट हवीच. आरंभीचा भाग रुंद आणि चढणीचा ठेवावा, म्हणजे अरुंद वाटेवर पोचण्यापूर्वी गर्दी विरळ होते. अवघड टप्पा चढणीच्या माथ्यावर, थकव्याने डोळ्यांपुढे अंधारी येते तेथे, ठेवू नये. तो दुरून दिसावा, त्याच्या खाली मोकळी जागा असावी आणि स्ट्रेचर तेथवर पोचावे.

एका नियमाबाबत मात्र येथे सवलत द्यावी. मोठ्या स्पर्धांत आघाडीच्या सायकलपटूने पहिल्या फेरीस घेतलेल्या वेळेच्या ८० टक्क्यांहून अधिक मागे पडलेल्यास शर्यतीतून काढले जाते. पहिली फेरी १२ मिनिटांची असेल, तर ९ मिनिटे ३६ सेकंदांहून अधिक मागे राहिलेला बाद होतो. मार्ग अवघड आणि त्यात हा नियम, असे झाले तर नवखा मुलगा दोन फेऱ्यांत घरी जाईल. मुलांच्या स्पर्धेत त्यास कमी फेऱ्या देऊन शर्यत पूर्ण करू द्यावी. शेवटची रेषा ओलांडण्याचा अनुभव ज्यास मिळाला, तोच पुन्हा येतो.

कस वाढविण्याचे काम मग आपोआप होते. केरळातील पोनमुडी येथे ऑक्टोबर २०२३ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धा भरली आणि त्या दर्जाचा मार्ग भारतात उभा राहू शकतो हे सिद्ध झाले. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी शर्यत जोडीने पूर्ण केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत २०१७ मध्ये एकट्याने पूर्ण केली. महाराष्ट्राच्या मातीत दमसासाची उणीव नाही. उणीव आहे ती कौशल्य शिकविणाऱ्या वाटांची.

अशी वाट बांधताना एकच कसोटी हाताशी ठेवावी. वर्गातील सर्वांत कच्च्या मुलाला ती सुखरूप पार करता आली पाहिजे आणि सर्वांत पक्क्या मुलाला ती वेगाने पार करणे कठीण वाटले पाहिजे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या परिसरात अशी एक वाट जरी उभी राहिली, तरी ज्या मुलांना आज भरधाव वाहनांच्या गर्दीतून सायकल चालवावी लागते, त्यांना हक्काची माती मिळेल.