फळ्यावरचं नाव
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आठवीपासून मी वर्गाची मॉनिटर होते, हे तुम्ही विसरला नसाल. दंगा करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम माझं. एका मुलाचं नाव मी जवळजवळ रोज लिहायचे. तो बोलायचा नाही. पण घंटा झाली की कान झाकायचा, बाकावर पुढे-मागे झुलायचा, प्रार्थनेच्या रांगेत कुणाचा धक्का लागला की जोरात ढकलायचा. आपण हसायचो. त्याला बाकावर उभं केलं जायचं. नववीनंतर तो दिसला नाही. आज त्याचं नाव मुद्दाम घेत नाही. फळ्यावर पुरेसं लिहून झालंय.

तो मला पुन्हा आठवला माझ्या मुलामुळे. पहिलीत असताना मिक्सर सुरू झाला की हा रडत पळायचा, लेबल टोचतं म्हणून गणवेशाचा शर्ट काढून टाकायचा. मला वाटायचं, हट्टी आहे. मग ऑक्युपेशनल थेरपिस्टनी समजावलं. आवाज, स्पर्श, प्रकाश, हालचाल, सगळं मेंदूला एकाच वेळी निवडून लावून घ्यावं लागतं. काही मुलांच्या साधा आवाजही अंगावर येतो. काहींना उलट कमी जाणवतं, म्हणून ती सतत हलत, धडकत राहतात. अमेरिकेतल्या जीन एअर्स यांनी यावर १९७२ सालीच पुस्तक लिहिलं होतं. म्हणजे आपण शाळेत होतो तेव्हा ही माहिती जगात होती. आपल्या वर्गापर्यंत पोचली नव्हती, एवढंच.

आपल्या वेळचा घोडबंदर रोड आठवा आणि आजचा मानपाडा नाका बघा. पुलावरची वाहतूक. अशा आवाजातून आलेलं मूल वर्गात बसतं तेव्हाच थकलेलं असतं.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे. पण नुसती संवेदनांची अडचण वेगळी नोंदलेली नाही. त्यामुळे अशा मुलाकडे दाखवायला प्रमाणपत्र नसतं. मात्र खडखडणाऱ्या पंख्याखालचा बाक बदलायला प्रमाणपत्र लागत नाही. रांगेत शेवटी उभं करायला, बँड वाजणार असेल तर आदल्या दिवशी सांगायला, चुळबुळ वाढली की वह्यांचा गठ्ठा स्टाफरूममध्ये पोचवायला पाठवायला, कशालाच लागत नाही. माझ्या मुलाच्या बाईंनी यातल्या दोनच गोष्टी केल्या. सगळं सुटलं नाही. गणपतीतले ढोल तो आजही आतल्या खोलीत, कानांवर उशी धरून सोसतो. पण शाळेत जातो.

आपण शाळेला प्रोजेक्टर देतोय, जरूर देऊ. सोबत वाचनालयाचा एक कोपराही तयार करून देऊ या: जाड पडदा, खाली सतरंजी, आणि दहा मिनिटं तिथे बसलेल्या मुलाला कुणी कारण विचारायचं नाही.

आणि एक. त्या मुलाचा फोन नंबर कुणाकडे असेल तर मला द्या. मला त्याची माफी मागायची आहे.